मागच्या खोलीतलं काम: कार्ड-तालिका संगणकावर आणताना

आमच्या ग्रंथालयाची कार्ड-तालिका, म्हणजे कार्डांवर लिहिलेली पुस्तकांची यादी, संगणकावर आणण्याचं काम जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२४ मध्ये नवी तालिका वाचकांसाठी खुली झाली. त्याआधी मी देवघेवीच्या टेबलावर बसत असे. या कामासाठी मला मागच्या खोलीत घेतलं. सॉफ्टवेअर कसं बसवायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पहिलं पुस्तक हातात घेतल्यावर नेमकं काय करायचं आणि वाचकाला त्याचा काय उपयोग, हे सांगणारं मात्र आम्हाला कोणी भेटलं नव्हतं. हे काम आता ज्यांच्या अंगावर येणार आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीला आमच्याकडे तीन गोष्टी होत्या: जाडजूड दाखल नोंदवह्या (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहिलेल्या), साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डांचं लाकडी कपाट आणि आमचे परिचर काका. जुन्या पुस्तकांची लेखक, शीर्षक आणि विषय अशी तीन कार्डं होती. पुढे माणसं कमी झाली तशी फक्त लेखकाची कार्डं व्हायला लागली. त्यामुळे अलीकडच्या पुस्तकाचं नुसतं नाव घेऊन आलेला वाचक काकांकडे जाई. काका नाव ऐकून थेट रॅकपाशी जात. ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि कामाची खरी घाई त्यामुळेच होती.

जानेवारीच्या सभेत प्रस्ताव गेला. सॉफ्टवेअर म्हणून ग्रंथालयांसाठीचं 'कोहा' निवडलं. ते मुक्त आहे, २००० सालच्या जानेवारीत न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात पहिल्यांदा वापरात आलं आणि आज जगभर चालतं. परवान्याला पैसे लागत नाहीत म्हणून 'फुकटात होतंय' असा समज सभेत झाला. तो तिथल्या तिथे दूर करणं फार गरजेचं असतं. सर्व्हर, स्कॅनर, बारकोडची लेबलं, लेबल छापायचा प्रिंटर, बॅकअपसाठी वेगळी डिस्क या सगळ्याला खर्च येतो. सगळ्यात मोठा खर्च माणसांच्या तासांचा. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी प्रस्तावात मनुष्यतास हे स्वतंत्र शीर्ष घातलं, म्हणून पुढे दोन जणांना पूर्णवेळ या कामावर ठेवता आलं. तुम्हीही तसं करा. कागदावर न लिहिलेले तास कोणी मोजत नाही.

लेबलांसाठी तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुढच्या सभेची मंजुरी असं करत लेबलं हातात यायला एप्रिल उजाडला. दरपत्रकं पहिल्याच आठवड्यात मागवावीत, आणि मागवताना आम्लमुक्त डिंकाची लेबलं हवीत असं स्पष्ट लिहावं. साध्या लेबलाचा डिंक काही वर्षांत पाझरतो आणि कागद तपकिरी पडतो.

या थांबलेल्या वेळात आम्ही ग्रंथपडताळणी केली. नोंदवहीतली एकेक ओळ वाचायची आणि ते पुस्तक रॅकवर आहे का ते पाहायचं. पहिले काही आठवडे फार भीती वाटली. एकामागून एक पुस्तकं सापडेनात. ही सगळी गेली की काय, आणि त्याचं उत्तर कोण देणार? हळूहळू त्यातली बरीचशी चुकीच्या खणात मिळाली. दोन रॅक पलीकडे ठेवलेलं पुस्तक वाचकाच्या दृष्टीने हरवलेलंच असतं, कारण तो सांगितलेल्या जागी पाहतो आणि परत जातो. रोज सकाळी दार उघडण्याआधी एक-दोन रॅक क्रमाने लावून घेणं हे बाहेरून कोणालाच दिसत नाही, पण माझ्या मते वाचकाला सगळ्यात जास्त पुस्तकं मिळवून देणारं काम तेच आहे.

जी खरोखर मिळाली नाहीत त्यांवर लगेच काट मारू नका. आम्ही त्यांची वेगळी यादी केली, बांधणीला गेलेली आणि सभासदांकडे अडकलेली त्यातून वजा केली, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा सगळे खण पाहिले. तरी न मिळालेली निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून कमी करायच्या, यादीत गेली. त्या यादीला समितीची मंजुरी घ्यावी लागते. ठरावाचा क्रमांक आणि तारीख नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहायची, आणि तो दाखलअंक (नोंदवहीत पुस्तकाला मिळालेला क्रमांक) पुन्हा दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला द्यायचा नाही. अनेक वर्षांनी लेखापरीक्षक विचारोत की वाचक, उत्तर त्या एका ओळीत मिळालं पाहिजे.

बाद करायच्या पुस्तकांवरून आमच्यात चर्चा झाली. जुनी पुस्तकं काढू नयेत असं अनेकांचं मत होतं. मला ते सरसकट पटत नाही. औषधांच्या मात्रा देणारी जुनी मार्गदर्शिका किंवा बदललेल्या कायद्याचं पुस्तक रॅकवर राहिलं तर त्यावर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाचं नुकसान होतं. उलट एखादी जुनी, कोणी फारशी न नेलेली कादंबरी इतर ग्रंथालयांत नसेल तर ती जपलीच पाहिजे. म्हणून आम्ही दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिका तपासल्याशिवाय कुठलंही साहित्याचं पुस्तक बाद केलं नाही.

मे महिन्यात नोंदी भरायला सुरुवात होणार होती. त्याआधी मॅडमनी एक गोष्ट केली, जिच्यामुळे सगळ्या कामाची दिशा ठरली. त्यांनी मला एक वही दिली आणि पुन्हा देवघेवीच्या टेबलावर बसवलं. "वाचक काय मागतात ते त्यांच्याच शब्दांत लिही. आपल्या भाषेत बदलू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

वाचक 'लेखक अमुक, प्रकाशन वर्ष तमुक' असं मागतच नाहीत. कोणाला कुठल्याशा संग्रहातली एक कथा हवी असते, संग्रहाचं नाव ठाऊक नसतं. कोणाला एकांकिका हवी असते, तीही तीन पात्रांची. कोणी मूळ परदेशी लेखकाचं नाव सांगतं आणि भाषांतर मागतं. कोणाकडे चरित्राचे पहिले दोन खंड वाचून झालेले असतात, तिसरा हवा असतो. एक बाई वैद्यकाच्या रॅकपुढे बराच वेळ उभ्या राहून काही न विचारता निघून गेल्या. मी तेही लिहून ठेवलं. नोंदीतला कुठला रकाना सक्तीचा आणि कुठला ऐच्छिक, हे आम्ही या वहीवरून ठरवलं. कोणी मला एकच सल्ला विचारला तर मी हाच देईन: संगणकापुढे बसण्याआधी टेबलावर बसा.

आता प्रत्यक्ष नोंदींविषयी. 'मार्क २१' नावाच्या आराखड्यात पुस्तकाची प्रत्येक बाब आकड्याने ओळखतात. ०२० मध्ये आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय, ७०० मध्ये भाषांतरकार किंवा संपादक. सुरुवातीला हे आकडे पाहून छाती दडपते. रोज वापरात येणारे थोडेच असतात, आणि ते काही दिवसांत हाताला बसतात.

दुसऱ्या ग्रंथालयांच्या तयार नोंदी ओढून घेता येतात, त्यासाठी 'झेड३९.५०' नावाची सोय असते. इंग्रजी पुस्तकांसाठी तिने आमचे कष्ट खूप वाचवले. मराठी पुस्तकांचं तसं झालं नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या उत्तम नोंदी आहेत, पण आम्हाला मिळालेल्या नोंदींत शीर्षकं रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देऊन लिहिलेली होती. आमचा वाचक देवनागरीत टंकणार. म्हणून विषय आणि प्रकाशनाचा तपशील तिथून घेतला, शीर्षक आणि लेखक पुन्हा देवनागरीत भरले. जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान उघडून सगळं हातानेच लिहावं लागतं. २००६ च्या अखेरपर्यंत तो क्रमांक दहा आकडी होता आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा आकडी झाला. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांवर वेगळ्या लांबीचे आकडे दिसले तर गोंधळू नका.

शीर्षक पानावर जसं आहे तसंच उतरवायचं हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण १९६२ च्या लेखननियमांच्या आधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव' असे अनुस्वार असतात. आजचा वाचक 'काही', 'नाव' असं शोधतो आणि संगणक 'पुस्तक नाही' म्हणतो. त्यामुळे २४५ मध्ये मूळ रूप आणि २४६ मध्ये आजचं रूप, असं दोन्ही भरायचं ठरलं. याला वेळ लागतो. तरी तो द्या, कारण नाहीतर जुनं मराठी साहित्य रॅकवर असूनही शोधात येतच नाही.

याहून चकवणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द वेगवेगळ्या कळफलकांवर दोन प्रकारांनी टंकला जातो. पडद्यावर तो सारखाच दिसतो, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ' हे अक्षरही एक चिन्ह म्हणून किंवा 'अ'वर चंद्र देऊन असं दोन तऱ्हांनी येतं. जून महिन्यात काही शीर्षकं भरलेली असूनही सापडेनात, तेव्हा आमच्या तांत्रिक मदतनीसाने एकेक अक्षर उलगडून हे दाखवलं. मग आम्ही सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा असं ठरवून त्याचा कागद भिंतीवर लावला, आणि आधीच्या नोंदी एकसारख्या करून घेतल्या. कोहामध्ये शोधसूची 'झेब्रा' या शोधाच्या प्रणालीने करत असाल तर देवनागरीसाठी 'आयसीयू' (वेगवेगळ्या लिप्या हाताळणारी सॉफ्टवेअरची सोय) ची मांडणी निवडलेली आहे ना, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. एका जुन्या यादीचा टंक युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखा चालणारा, नव्हता. ती रूपांतर करून घेतली, तरी जोडाक्षरं पुन्हा नजरेखालून घालावी लागली.

लेखकांच्या नावांचं काम मला सगळ्यात आवडलं. आद्याक्षरांमध्ये टिंब कुठे, जागा कुठे, यावरून एकच लेखक चार ठिकाणी विखुरतो. त्यासाठी प्रत्येक नावाची एक अधिकृत नोंद करतात आणि बाकीची रूपं तिला जोडतात. टोपणनावांचा प्रश्न आणखी वेगळा. आरती प्रभू या नावाने कविता आणि चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने कादंबऱ्या. कुसुमाग्रज कवितेत आणि वि. वा. शिरवाडकर नाटकांत. इथे दोन्ही नावं ठेवायची आणि एकमेकांना 'हेही पाहा' अशी जोड द्यायची. मग कवितांपासून सुरुवात केलेला कॉलेजचा मुलगा आपोआप कादंबरीपर्यंत जातो. टेबलावर बसून मी हे फार तर एखाद्याला सांगू शकले असते. आता ते प्रत्येकाला कळतं, मी तिथे नसतानाही.

ऑगस्टमध्ये समितीने कामाचा वेग विचारला. वेग कमी दिसत होता, कारण कथासंग्रह, एकांकिका आणि निबंधसंग्रह यांची अनुक्रमणिका आम्ही ५०५ या रकान्यात पूर्ण भरत होतो. ती वगळली असती तर महिने वाचले असते. मॅडमनी सभेत ती वही वाचून दाखवली. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. आमचा वेळ त्यासाठीच जात होता. मुदत वाढवून मिळाली. तुमच्याकडे अशी मुदत मिळत नसेल तर निदान एकांकिकांच्या संग्रहांची अनुक्रमणिका सोडू नका. त्यातलं एखादं नाव माहीत असलेला माणूस संग्रहाचं नाव क्वचितच सांगू शकतो.

वर्गीकरण अमेरिकन ग्रंथपाल ड्यूईच्या पद्धतीचं, म्हणजे १८७६ मध्ये पहिल्यांदा छापलेल्या दशांश पद्धतीचं होतं. ते बदललं नाही. तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ आणि त्यातल्या कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा अंक मिळतो. संग्रह मुख्यतः मराठी असेल तर या एका अंकावर रॅकमागून रॅक भरतात. म्हणून लेखकाच्या आडनावाची अक्षरं पुस्तकाच्या कण्यावर ठळक, लांबून वाचता येतील अशी छापली. बारीक अक्षरातला बोधांक (रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक) वयस्कर वाचकांना वाकून वाचावा लागत असे.

एका पुस्तकापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कर्करोगातून बऱ्या झालेल्या एका व्यक्तीचं आत्मकथन. चरित्रात ठेवायचं की वैद्यकात ६१६.९९४ खाली? दोन्ही बरोबर ठरलं असतं. मला वहीतल्या त्या बाई आठवल्या. ज्याच्या घरात हा आजार नुकताच आला आहे तो चरित्रांच्या रॅकपाशी जाणार नाही, आणि टेबलावर येऊन विचारणंही त्याला जड जाईल. पुस्तक वैद्यकात ठेवलं, विषयाच्या रकान्यात आत्मकथन असंही लिहिलं. न विचारता मिळणं ही काही वाचकांची फार मोठी गरज असते.

हे सगळं चालू असताना काका रोज दुपारी माझ्याशेजारी बसत. कुठल्या बांधणीत दोन पुस्तकं एकत्र शिवलेली आहेत, कुठल्या कण्यावर बांधणाऱ्याने चुकीचं नाव छापलं आहे, कुठल्या संचाचा चौथा खंड कधी आलाच नाही, हे सगळं ते सांगत आणि मी टीपेच्या रकान्यात भरत असे. ही माहिती कुठल्याच नोंदवहीत नव्हती. तुमच्याकडे असं जुनं माणूस असेल तर त्यांचा वेळ कामाच्या अगदी सुरुवातीला मागा आणि अहवालात त्यांचं नाव घाला.

पुस्तकावर छापलेला बारकोड पुरेसा नाही का, असं आम्हाला बरेचदा विचारलं गेलं. तो त्या पुस्तकाच्या सगळ्या प्रतींवर एकच असतो, त्यामुळे तीन प्रतींतली कोणती कोणाकडे आहे ते त्यावरून कळत नाही. आम्ही दाखलअंकच बारकोड म्हणून वापरला, म्हणजे जुनी नोंदवही आणि नवी नोंद एकमेकींशी जुळतात. दाखलअंकाआधीची शून्यं मात्र सांभाळा. यादी स्प्रेडशीटमध्ये उघडली की ती गळून पडतात, आणि आयएसबीएनचा लांब आकडा घातांकाच्या रूपात बदलतो. तो रकाना आधीच 'मजकूर' प्रकारचा करून ठेवा, आणि सगळी यादी चढवण्यापूर्वी एका छोट्या गठ्ठ्यावर चाचणी घ्या.

दुर्मीळ पुस्तकांना आम्ही काहीच चिकटवलं नाही. आम्लमुक्त कागदाच्या पट्टीवर बारकोड छापून ती आत ठेवली. फाटलेल्या पानांना कोणी पूर्वी लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून अक्षरांवर डाग उठलेले पाहिले की वाईट वाटतं. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद, एवढ्यावर साधी दुरुस्ती होते आणि पुढे कधी काढायची झाली तर पाण्याने सुटते. कसर लागलेली पुस्तकं लगेच वेगळ्या पिशवीत बंद केली, बाकीच्यांत मिसळू दिली नाहीत.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात थकवणारा होता. सभासदांच्या नोंदी भरायच्या होत्या आणि देवघेव दोन्हीकडे, कार्डावरही आणि संगणकावरही, करायची होती. दुहेरी काम नको असं सगळ्यांना वाटत होतं, पण एक महिना तरी ते कराच. वीज गेली, सर्व्हर बंद पडला, तरी वाचक रिकाम्या हाताने जाता कामा नये. सभासदाची माहिती घेताना संपर्कापुरतीच घेतली. पुस्तक परत आलं की कोणी काय वाचलं याचा इतिहास साठवायचा नाही अशी सोय कोहामध्ये आहे. सभासदाला ती स्वतः निवडता येते. मी प्रत्येक नव्या सभासदाला ती दाखवते. त्या वैद्यकाच्या रॅकवरचं पुस्तक नेणाऱ्याला हा भरवसा मिळालाच पाहिजे.

मार्चमध्ये तालिका खुली झाली. आता वाचक घरूनच पाहून येतात, बाहेर गेलेल्या पुस्तकासाठी नाव राखून ठेवतात. टेबलावरची वही अजून चालू आहे. तिच्यात आता फक्त न सापडलेल्या गोष्टी लिहितो, आणि दर शनिवारी त्या पाहून नोंदी दुरुस्त करतो. बहुतेक वेळा पुस्तक असतंच, नुसता शब्द वेगळा असतो. वाचक 'साखरेचा आजार' म्हणतो, आमच्या विषयाच्या रकान्यात 'मधुमेह' असतो. असे शब्द आम्ही जोडत चाललो आहोत.

मासिकांचे विशेषांक अजून बाकी आहेत. त्यातल्या लेखांची सूची करायची तर प्रत्येक अंक पानापानाने पाहावा लागेल. तो प्रस्ताव पुढच्या सभेत जातो आहे, मनुष्यतासांच्या वेगळ्या शीर्षासह.